सिम कंपनीज, दिवस १४३: माझं फुकटचं पाणी

मागच्या वेळी लिहिलं होतं ना की सिम कंपनीज या ऑनलाइन बिझनेस गेममध्ये चौथं प्लँटेशन तिसऱ्या लेव्हलला नेतोय आणि आता संत्र्यात सेट होणार वगैरे, तर ते विसरा. दोन प्लँटेशन पाडलीत. स्वतःच्या हातानं. आणि त्याला कारण आमच्या पाच जणांच्या कॉलवर झालेलं भांडण, जे सुरू झालं संत्र्याच्या भावावरून आणि संपलं माझ्या एक्सेल शीटवर.

आधी माझा सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. दोन वॉटर रिझर्वायर, चार प्लँटेशन, दोन ग्रोसरी स्टोअर, सगळं तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे एकूण २४ लेव्हल, ॲडमिन ओव्हरहेड (कंपनी वाढेल तसा पगारावर चढत जाणारा खर्च) १३.५ टक्के. वीज आणि बियाणं बाजारातून, पाणी घरचं. संत्री क्यू-झिरोच, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाची, रिसर्चच्या नादाला अजून लागलेलो नाही. थोडी आपल्याच दुकानात, बाकी एक्सचेंजवर, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या बाजारात.

तर त्या रविवारी संत्री २.०२ ला आली (गेममधले डॉलर, नगामागे). आमच्यातला पुण्याचा एक जण आहे, तो नेहमीप्रमाणे पेटला. म्हणे मार्केट तुटलंय, गेमवाल्यांनी किमान भाव बांधून द्यायला पाहिजे, नवीन पोरं येतात आणि मिळेल त्या भावाला फेकतात, मग आपण दिवसभर बसून काय करायचं. दुसरा म्हणे गेममध्ये मंदीची फेज चालूये, रिटेल मंदावलंय, थांब जरा, तेजी आली की आपोआप वर जाईल. टोरांटोला असतो तो तिसरा, तो जुना ईव्ह ऑनलाइनवाला (अंतराळातला ऑनलाइन गेम), त्याला प्रत्येक गोष्टीत तिथलं जिता स्टेशन, म्हणजे त्या गेममधली सगळ्यात मोठी बाजारपेठ, आठवतं. पण त्या दिवशी कामाचं बोलला. ईव्हमध्ये लोक एकमेकांचा भाव ०.०१ इस्कनं (इस्क म्हणजे तिथलं चलन) कापत बसायचे, दिवसरात्र तेच, मग मार्च २०२० मध्ये त्यांनी नियमच बदलला, भावाचे पहिले चारच आकडे हलवता येतील असं केलं आणि ऑर्डरचा भाव बदलायचा खर्चही वाढवला. म्हणजे भाव कापायचाच असेल तर नीट दिसेल एवढा काप. तिथं तर २००७ पासून कंपनीनं पगारी अर्थशास्त्रज्ञ ठेवला होता म्हणे, आणि तरी किमान भाव काही कोणी बांधला नाही.

मी किमान भावाच्या विरोधात होतो आणि अजूनही आहे. कारण साधं आहे. या गेममध्ये नवीन पैसा मुख्यतः रिटेलमधून येतो, कारण दुकानातलं गिऱ्हाईक गेमचं असतं, खेळाडू नसतं. पगार गेला की गेला, एक्सचेंजची ४ टक्के फी कापली की कापली, ते कोणाच्याच खिशात जात नाही. म्हणजे संत्र्याला शेवटी किती मिळणार हे ग्रोसरीवाला ठरवतो, आणि तो बघतो तासाला किती सुटतंय. तुम्ही संत्री २.४० ला बांधून ठेवली तर तो उद्या सफरचंद नाहीतर द्राक्षं लावेल, तुमची संत्री गोदामात पडून. भाव कागदावर छान दिसेल एवढंच.

असं सगळं मोठ्या तोऱ्यात सांगून झाल्यावर पुण्याचा म्हणाला, ठीकेय, मग तू २.०२ ला विकतोयस ते परवडतं कसं सांग. म्हटलं परवडतं की, पाणी घरचं आहे. आणि स्क्रीन शेअर केली. तिथंच फसलो.

माझा हिशोब असा होता बघा, एका संत्र्याचा. पाणी ०.५५ (वीज आणि रिझर्वायरचा पगार धरून), बियाणं ०.२५, प्लँटेशनचा पगार ओव्हरहेडसकट ०.६२. झाले १.४२. विकलं २.०२ ला, फी ०.०८, ट्रान्सपोर्ट ०.३७, हातात १.५७. म्हणजे संत्र्यामागे १५ सेंट नफा. थोडाय, पण आहे ना! मंदीत एवढं सुटतंय म्हणजे मी स्वतःला हुशारच समजत होतो.

टोरांटोवाला शांतपणे म्हणाला, तेवढंच पाणी बाजारातून आणलं तर कितीला पडतं?

१.०५.

मग १.०५ धर.

धरलं. १.०५ अधिक ०.२५ अधिक ०.६२, १.९२. हातात १.५७. म्हणजे दर संत्र्यामागे ३५ सेंट तोटा! पाण्यावर ५० सेंट कमवायचे आणि त्यातले ३५ प्लँटेशनच्या खड्ड्यात घालायचे, उरलेल्या १५ ला नफा म्हणायचं, आणि हे मी किमान सहा आठवडे करत होतो. कॉलवर पाच सेकंद कोणी बोललं नाही, मग पुण्याचा इतका हसला की त्याचा माइक फाटला.

चूक कुठं झाली ते सांगतो कारण मला वाटतं आपल्यातले निम्मे हेच करत असतील. वेअरहाऊसमध्ये मालासमोर जो खर्च दिसतो तो बनवायला किती लागले तो. तो बरोबरच आहे, पण त्या पाण्याची आज काय किंमत आहे ते तो सांगत नाही. मी तो आकडा उचलून सरळ पुढच्या मालात टाकत गेलो. पाणी स्वस्त, म्हणून संत्रं स्वस्त, म्हणून माझ्याच ग्रोसरीत संत्र्यावर दणदणीत मार्जिन. कागदावर दुकान हिरो, प्रत्यक्षात सगळं पाणी ओढतंय.

आणि मग ट्यूब पेटली की भाव पाडणारी ती नवीन पोरं कोण, तर मीच. माझ्यासारखे शंभर जण असतील तर २.०२ नाही, १.९० ला पण विकतील, आणि खुशीत विकतील, कारण त्यांच्या हिशोबात अजून थोडं सुटतच असणार. ज्याला पाणी बाजारातून घ्यावं लागतं तो बिचारा बरोबर हिशोब करूनही मेला. पुण्याच्याचं रडणं त्या अर्थानं खरं होतं, मार्केट बिघडलेलं होतंच, फक्त बिघडवणारा त्याच्याच कॉलवर बसून त्याला इकॉनॉमिक्स शिकवत होता. हे घरी काकांना सांगितलं, आमची वरुडकडे थोडी संत्र्याची बाग आहे, तर ते म्हणाले त्यात नवीन काय, विहीर आपली, राबणारे घरचे, म्हणून आंबिया बहार परवडला असं आम्ही पण दरवर्षी म्हणतो. पुढे काही बोलले नाहीत, मी पण विषय वाढवला नाही.

कॉन्ट्रॅक्टचा उपाय पण तपासला. थेट कोणाला पाठवलं तर फी नाही आणि ट्रान्सपोर्ट निम्मा, म्हणजे १.९५ ला दिलं तरी हातात साधारण १.७६ येतात, एक्सचेंजपेक्षा १९ सेंट जास्त, आणि घेणाऱ्यालाही स्वस्त. पण १.९२ ला काही पोचत नाही. तोटा कमी, बाकी तोटाच. तरी एक ग्रोसरीवाला बांधून घेतलाय, रोज संध्याकाळी ठरलेला माल.

म्हणून शेवटी दोन प्लँटेशन पाडली. सहा लेव्हल गेल्यावर ओव्हरहेड १३.५ वरून सरळ १० टक्क्यांवर आला, हे मी धरलंच नव्हतं. संत्र्याचा पगार ०.६२ चा ०.६० झाला आणि पाण्याचाही थोडा उतरला. मोठ्या कंपन्यांना ओव्हरहेड खातो, त्यामुळे लहान तग धरतात, यावर आमचं मागं एकदा दोन तास भांडण झालं होतं आणि तेव्हा मी म्हणालो होतो की १३ टक्के काय एवढं मोठं. बरं. शब्द मागे घेतो. (सीओओ, म्हणजे हा ओव्हरहेड कमी करायला ठेवलेला मॅनेजर, अजूनही फालतूच आहे माझा, त्यावर वेगळं लिहीन.)

आता रिझर्वायरचं निम्मं पाणी सरळ विकतो. पहिले तीन दिवस मजा आली. मग चौघांनी शीट मागितली, मी दिली, चौघांनीही पाणी विकायला काढलं, आणि आठवड्याभरात एका संत्र्याला लागणारं पाणी १.०५ वरून ०.९९ ला. आमच्यामुळे नाही हो, आम्ही कुठले एवढे मोठे, पण कॉलवर सगळे माझ्याचकडे बघत होते. त्याच आठवड्यात संत्री चढून २.०९. परत मांडलं, आता लागतात १.८४, हातात १.६४, म्हणजे तोटा ३५ चा २० सेंट झाला. अजून थोडं असंच सरकलं तर पाडलेली प्लँटेशन परत बांधायची वेळ येईल की काय माहीत नाही, पुण्याचा म्हणतो तू पाडलीस म्हणूनच भाव चढला, आता तू बांधू नकोस, मी बांधतो.

राहिलेल्या दोनपैकी एकात कालपासून द्राक्षं लावलीत, पाणी, बियाणं सगळं बाजारभावानं धरून शीटमध्ये स्वतंत्र कॉलम केलाय, आणि या वेळी प्रति तास प्रति लेव्हल काढतोय, नुसतं नगामागे नाही, कारण पगार तासाचा जातो. पहिला माल सकाळी सातला निघेल. मंदी गेली की नाही ते अजून रिटेलच्या स्पीडवरून कळत नाहीये. कोणाकडे द्राक्षांचे या आठवड्याचे आकडे असतील तर द्या, पण पाणी घरचं आहे म्हणून ० लिहिलेली शीट पाठवू नका.