चार नंबरच्या टेबलावरचा कॉर्क

अकरावीला साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल असलं की मी मुलांचे आकडे नंतर बघतो, आधी त्यांचा अंगठा बघतो. बहुतेक जण बॉब, म्हणजे दोऱ्याला टांगलेला गोळा, सोडला की लगेच स्टॉपवॉच दाबतात. पण टोकाला बॉब रेंगाळतो, तिथे नेमका क्षण हाताला लागत नाही. मधून जाताना त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. म्हणून मागे खडूची उभी रेघ मारायची, बॉबने ती ओलांडली की 'शून्य' म्हणायचं आणि घड्याळ सुरू करायचं. 'एक' म्हणून सुरू केलं की वीसच्या जागी एकोणीसच दोलनं होतात आणि जी, म्हणजे लंबकाची लांबी आणि एका दोलनाचा वेळ यांवरून सूत्राने काढायचं गुरुत्वत्वरण, येतो १०.८. हा आकडा कानावर पडला की मी जर्नल न उघडताच सांगतो, "शून्यापासून मोज रे."

घड्याळ शतांश सेकंद दाखवतं, पण माणसाचा अंगठा एकदोन दशांश सेकंद इकडेतिकडे करतोच. ती चूक वीस दोलनांत वाटली जावी म्हणून वीस घ्यायची. हे मी दरवर्षी जीव तोडून सांगतो. ऐकणारे थोडे. अर्धा वर्ग क्लासवाल्यांकडे असतो, आमच्याकडे फक्त सहीला येतो. आणि ज्यांची जर्नलं येतात त्यांचा जी ९.८१, जणू एकाच साच्यातून काढलेला. ९.८१ हा युरोपातल्या अक्षांशांचा आकडा आहे. आमच्या सोलापूरच्या बाजूला तो ९.७८ च्या आसपास असतो, विषुववृत्त जवळ म्हणून. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला, तिथे ते रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्याने घड्याळाला दोष देऊन विषय मिटवला नाही, म्हणून जी सगळीकडे सारखा नसतो हे कळलं. ही गोष्ट मी दर जूनमध्ये रंगवून सांगतो.

गेल्या सोमवारी चार नंबरच्या टेबलावरच्या मुलीने जर्नल पुढे केलं. लांबी ४०, ६०, ८०, १०० सेंटिमीटर. जी : ९.३२, ९.४५, ९.५५, ९.५९. मी लाल पेन काढलं आणि सवयीने लिहिलं, 'पुन्हा घे.'

"सर, तीनदा घेतलंय," ती म्हणाली. "दरवेळी असंच येतं. आणि लांबी वाढवली की जी वाढतो. असं कसं होईल?"

"अगं, लांबी बॉबच्या मध्यापर्यंत धरलीस का? हुकाची उंची, त्रिज्या?"

धरली होती. व्हर्नियरची, म्हणजे त्रिज्येसाठी व्यास मोजायच्या उपकरणाची, झीरो एरर (मुळातच शून्यावर नसण्याची चूक) वजा करून धरली होती. मग तिने ग्राफ दाखवला : आडवी लांबी, उभा आवर्तकालाचा (एका दोलनाच्या वेळेचा) वर्ग. चारही बिंदू एका रेषेत, पण रेषा मूळबिंदूतून जात नव्हती. मागे वाढवली की लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे दोन सेंटिमीटरवर छेदत होती. रेषेच्या चढावरून जी काढला तर ९.७७. बाकीच्यांनी रेषा पट्टीने ओढून मूळबिंदूला चिकटवली होती. तशी चिकटवायला मीच शिकवलं होतं, 'सूत्राप्रमाणे ती तिथूनच जायला हवी' असं सांगून.

म्हणजे प्रत्येक लांबी दोन सेंटिमीटरने कमी मोजली जात होती. चाळीसात दोन म्हणजे मोठी चूक, शंभरात लहान, म्हणून जी हळूहळू वर सरकत होता. चढाला मात्र त्या दोन सेंटिमीटरने काही फरक पडत नाही. मोजपट्टी बदलून पाहिली. तेच.

मग मी स्टुलावर चढलो आणि डोळा कॉर्कच्या खाली नेला. लंबकाचा दोरा या दोन फाकांच्या बुचात, म्हणजे कॉर्कमध्येच, दाबून धरलेला असतो आणि लांबी बुचाच्या खालच्या कडेपासून मोजतात. तिला बॉब अगदी सावकाश झुलवायला सांगितलं. दोरा बुचाच्या आत हलत होता. वर्षानुवर्षं घासून खालची फट नरसाळ्यासारखी फाकली होती आणि दोऱ्याला खरी पकड फक्त वरच्या कडेशी, दोन सेंटिमीटर वर उरली होती. बुचावर फुटपट्टी धरली. दोनला एखादी रेघ कमी.

"सर, मग जर्नलमध्ये कुठला आकडा लिहू?"

"चारही लिही. ग्राफही लाव. आणि कॉर्कची आकृती काढ," मी म्हणालो, आणि माझा लाल शेरा मीच खोडला.

घरी जायच्या आधी लॅबच्या मामांकडून कपाटाची किल्ली घेतली. गेल्या वर्षीची जर्नलं अजून रद्दीत गेली नव्हती. तो कॉर्क एका वर्षात फाकलेला नाही. नवे कॉर्क मागवल्याचं मामांनाही आठवत नव्हतं. चार नंबरच्या टेबलाची सहा जर्नलं निघाली. पाचांत जी ९.८ किंवा ९.८१. त्या टेबलावर, त्या कॉर्कला लटकवून, सूत्रातून तो आकडा येऊच शकत नव्हता. पाचही जर्नलांखाली सही माझी.

सहाव्यात पेन्सिलीने ९.३, ९.५, ९.५, ९.६ असं लिहिलेलं, त्यावर लाल शाईत 'पुन्हा घे'. अक्षर माझं. पुढच्या पानावर निळ्या पेनाने ९.८, ९.८, ९.८, ९.८. खाली 'छान'. अक्षर तेही माझंच.

तो मुलगा आता बारावीत आहे. प्रॅक्टिकलला वेळेवर येतो, कमी बोलतो, आकडे नेहमी बरोबर असतात त्याचे. ते बरोबर आकडे बघून मी त्याला कधी काही विचारलं नाही.

जर्नल घरी आणलंय. ते पेन्सिलीचं पान मी दोनदा पुन्हा मांडून पाहिलं, चढावरून जी ९.७८ च्या अगदी जवळ येतो. त्याची बॅच उद्या दुपारी आहे.