कॅसेट ४३ : फीत सुटली, गायकही सापडले

मागच्या नोंदीला साडेतीन महिने झाले. ११२ पैकी ४३ कॅसेटी संगणकात उतरल्या. तासाभराची कॅसेट उतरायला तासभर लागतोच, वर साफसफाई वेगळी, त्यामुळे यंदा संपतील अशी आशा मी सोडली आहे.

नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. माझा साठा म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या मुकाबल्यांच्या कॅसेटी. सहा डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर, दसऱ्याला दीक्षाभूमीबाहेर रस्त्यावर चादर अंथरून मांडलेल्या असायच्या, त्यातून वडिलांनी घेतलेल्या. काढणारे बरेचसे एका खोलीतले धंदे. कव्हरवरच्या दोन पत्त्यांवर मी जाऊन आलो. एका ठिकाणी मोबाइल दुरुस्ती, दुसऱ्या ठिकाणी नुसता जिना.

४३वी १९८८ची. लावली तर गायक विहिरीत उतरून गातोय असा आवाज. फितीमागे पितळी पट्टीवर नमद्याचा बारीकसा तुकडा असतो, तो फीत हेडवर, म्हणजे टेपच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. तोच गळून पडला होता. कॅसेट बिनस्क्रूची, चिकटवलेली. सांध्यातून ब्लेड फिरवून उघडली, दोन्ही चकत्या पाच स्क्रूच्या रिकाम्या डबीत बसवल्या. (चहा आधी पिऊन घ्या. माझा कप फितीपासून वीतभरावर सांडला.) मग हेड फितीला सरळ यावं म्हणून त्याचा स्क्रू जरा जरा फिरवत, दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकत बसलो. खंजिरीच्या झांजा सुट्या ऐकू आल्या तिथे थांबलो. उतरवलं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. ९६ किलोहर्ट्झच हवं म्हणणाऱ्यांनी माफ करावं. फितीची सुरसुर काढलेली नाही. काढायला गेलं की बेंजोच्या तारेची झणझण आधी जाते, आणि त्या झणझणीसाठी तर हा सगळा खटाटोप.

कव्हरवर गायकाचं नाव आणि ‘पार्टी’, म्हणजे त्याचा गाणारा-वाजवणारा संच. कवीचा पत्ता नाही. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं शेवटच्या कडव्याला आलं आणि ‘वामन’ ही नाममुद्रा ऐकू आली. भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक! कव्हरवाल्याने नाव गाळलं तरी ते गाण्यातून कसं गाळणार?

पूर्वी मी असंच उतरवून लगेच इंटरनेटवर टाकत असे. ‘बाजारात मिळत नाही, म्हणजे सगळ्यांचं’ हा आपल्या कॅसेटवेड्यांतला लाडका समज, माझाही होता. पण आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९८८ची कॅसेट २०४८ संपेपर्यंत कुणाची तरी आहे, मग तो ‘कुणीतरी’ जिन्याखाली हरवलेला का असेना. गीताचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं. वामनदादा २००४ साली गेले. गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क वेगळा, ५० वर्षांचा, आणि त्यात आपलं नाव लागण्याचा हक्कही येतो.

कव्हरवर गावाचं नाव होतं. तिथल्या विहारात ओळखीतून निरोप पोचवला, तिथून गायकाच्या मुलाचा नंबर मिळाला. चौथ्या दिवशी खुद्द गायकाचाच फोन.

“जय भीम. तुमच्याकडं माझी कॅसेट हाय म्हणं?”

दहा सेकंदांचा तुकडा फोनवरच ऐकवला. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “ढोलक ऐकू येतोय का नीट? तो पोरगा आता नाही राहिला.”

कॅसेटीचे पैसे एकदाच मिळाले होते, वर पन्नास कॅसेटी. त्या कार्यक्रमात पेटीशेजारी ठेवून विकल्या. पुढे किती खपल्या हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी दबकत विचारलं, गाणी टाकू का? त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा व्यवहारी निघालं. सहा गाणी टाका. दोन नकोत, ती मुलानं नव्यानं रेकॉर्ड केलीत, पेनड्राइव्हवर विकतोय. ढोलक आणि बेंजोवाल्याचं नाव लिहा. “आन् पार्टीचा नंबर टाका. एप्रिलात फोन येतात, लोकांना वाटतं म्हातारा गेला.”

कॅसेट काढणाऱ्याचं काय, हा प्रश्न त्यांच्या होकाराने सुटत नाही, हे मला कळतं. वामनदादांच्या गाण्याचंही तेच. ते एक मी मागे ठेवलंय, वारसांकडे निरोप गेलाय. म्हणजे टाकली पाच. कंपनीचा माणूस आलाच तर उतरवेन.

आधी न विचारता टाकलेल्या अकरा कॅसेटी महिनाभरापूर्वी खाली घेतल्या. दोन मित्र अजून रुसलेत. त्यातल्या एकाने तर माझीच फाइल, नावं छाटून, जाहिराती लावून परत टाकली! ‘प्रसार होतोय ना’ म्हणे. गाणाऱ्याला छदाम नाही आणि याच्या खात्यात चिल्लर, याला प्रसार म्हणायची माझी तयारी नाही.

आता ४४ ते ४७ रांगेत आहेत. ४५वर बुरशी. पाच स्क्रूच्या रिकाम्या डब्या कुणाकडे पडून असतील तर कळवा, टपालखर्च माझा. आणि ४६च्या कव्हरवर गायिकेचा फोटो आहे, नाव फाटून गेलंय. पहिल्या गाण्याआधी ती ‘परभणीकरांना जय भीम’ म्हणते. परभणीकडचं कुणी असेल तर आवाज ऐकवतो.