मोटर झाली, मॅग्नेट अडकले

स्वतःची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर बनवायची असेल तर आधी मॅग्नेट हातात घ्या, मग डिझाइनची पहिली रेघ ओढा. मी उलटं केलं आणि 2025 चा अख्खा पावसाळा मेल बघण्यात घालवला.

सासऱ्यांचं शेत खानापूर तालुक्यात आहे. ओढ्याकाठच्या मळ्यातून भाजीचे क्रेट वर डांबरीपर्यंत आणायला त्यांना तीनचाकी गाडा करून दिला होता, त्याला रेडीमेड हब मोटर, म्हणजे चाकाच्या आतच बसलेली. दुसऱ्या खेपेला मोटरीवर हात ठेववेना, तिसऱ्या खेपेला जळका वास. हिशेब केला तेव्हा कळलं की बिचाऱ्या मोटरीचा दोष नव्हता. गाडा, माल आणि माणूस मिळून 250 किलो, चढ शंभराला सहा. ताशी 12 किलोमीटरने चढायचं तर सहाशे वॅटच्या वर लागतात आणि हब मोटर त्या वेगाला रांगत असते. म्हणून मोटर चाकाबाहेर घेतली, चेनने एकास आठ रिडक्शन दिलं, म्हणजे मोटरीचे आठ फेरे तेव्हा चाकाचा एक. आता मोटरीच्या शाफ्टवर सहा न्यूटन-मीटर मिळाले की काम भागणार होतं.

स्टेटरला, म्हणजे मोटरीच्या स्थिर भागाला, 12 स्लॉट (तारेच्या खाचा), फिरणाऱ्या रोटरला 14 पोल (मॅग्नेटचे ध्रुव). ही जोडी मुद्दाम घेतली. वाइंडिंग फॅक्टर 0.933 येतो, म्हणजे भरलेली तार जवळजवळ सगळी कामाला येते, आणि एका फेऱ्यात 84 बारीक अडखळे पडत असल्याने हाताने फिरवताना मोटर गचके देत नाही. 12 स्लॉट आणि 8 पोल घेतले असते तर 24 मोठे गचके. लॅमिनेशन, म्हणजे स्टेटरच्या गाभ्याच्या पातळ चकत्या, 0.35 मिलिमीटर सिलिकॉन स्टीलची, लेझर कटिंग कोल्हापूरला. शाफ्ट आणि हाउसिंग इथेच बेळगावला उद्यमबागेत, चार दिवसांत. टर्निंगच्या बाबतीत आमच्या गावाला नावं ठेवायची सोय नाही. वाइंडिंग शहापुरातल्या मामांकडे. आयुष्यभर पंपाच्या मोटरी भरलेला माणूस. नकाशा बघून म्हणाले, "प्रत्येक दातावर वेगळं कॉइल? ह्ये तर सोपं की रे!" तीन आठवड्यांत मॅग्नेट सोडून सगळं टेबलावर.

आता मॅग्नेट. मी मागवले होते निओडिमियमचे, ग्रेड एन 42 एसएच. शेवटच्या त्या दोन अक्षरांचा अर्थ, माल 150 अंशांपर्यंत टिकतो. ती ताकद डिस्प्रोशियम, टर्बियम घातल्याने येते, आणि एप्रिल 2025 मध्ये चीनने ज्या सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला त्यांत ही दोन्ही बसली होती. माझी ऑर्डर मे महिन्यातली. चाळीस तुकडे, वजन पाऊण किलोसुद्धा नाही. आमच्याकडच्या कुंदा मिठाईचा डबा याहून जड असतो.

पुरवठादाराने हमीपत्राचा नमुना पाठवला. माल शेवटी कोण वापरणार, कशात वापरणार, लष्करी काम नाही, पुढे कुणाला विकणार नाही. भरला, शिक्का मारला, पाठवला. पाच आठवडे काही नाही. मग मेल आला: अंतिम वापर करणारा नक्की कुठला? आयात-निर्यात कोडवर गाव 'बेलगाम', जीएसटीवर 'बेळगावी'. दोन शहरं दिसतात, दोन ग्राहक आहेत का?

मी खुर्चीतच हसलो, मग डोकं फिरलं. कोड वडिलांच्या काळातला, 1 नोव्हेंबर 2014 ला नाव बदललं त्याच्या आधीचा. जीएसटी नंतरचं. घरात आम्ही यातलं एकही म्हणत नाही, आमचं ते बेळगाव. ज्या नावावरून इथे आमच्या तीन पिढ्या भांडल्या, ते हजारो किलोमीटरवरच्या कुठल्याशा टेबलावर माझ्या पाऊण किलो लोहचुंबकाच्या आड येऊन बसलं होतं. त्यांना काय समजावणार? नाव बदलल्याची सरकारी अधिसूचना जोडली, तर उत्तर आलं की हा कागद कन्नडमध्ये आहे, इंग्रजी द्या. ते नोटरी करून दिलं. तोवर जुलै संपला. मग कोडवरचा पत्ता बदलून घेतला, तर हमीपत्रावरचा जुना आणि कोडवरचा नवा जुळेना. हमीपत्र पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर मोटरीचं ड्रॉइंग मागितलं. ड्रॉइंग दिलं तर गाड्याचा फोटो. चिखलात उभा गाडा, वर कोबीचे क्रेट, मागे सासरे हात जोडून. हा माणूस लष्कराचा वाटत नाही एवढं तरी कळलं असावं.

तुमच्या कागदांवर गावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आजच बघा. बेळगावपुरतं सांगत नाही, नावं बदललेल्या विजापूर, गुलबर्गा, शिमोगा सगळ्यांना लागू आहे.

सप्टेंबरात मी हात टेकले. फेराइटचा विचार केला, पण त्याची चुंबकीय ताकद निओडिमियमच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. मोटर भोपळ्याएवढी झाली असती. मग साधा एन 42 घेतला, ज्यात ती दोन मूलद्रव्यं नाहीत, आणि तसा चाचणी अहवाल सोबत मागितला. तीन आठवड्यांत दारात. अडचण एवढीच की याची मर्यादा 80 अंश. म्हणून स्टॅक, म्हणजे लॅमिनेशनची थप्पी, 30 चा 40 मिलिमीटर केला, वेढे तेवढेच ठेवले. चढावरचा 30 अँपिअरचा करंट 23 वर आला. वेग ताशी 25 वरून 19 झाला, पण मळ्यात पळायचंय कुणाला? वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) पुरला, 70 अंशाला कंट्रोलर बंद.

हो, जादा लॅमिनेशन कापायला कोल्हापूरला पाठवताना एक शिकलो: जॉब वर्कचा, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायचा, माल राज्याबाहेर जात असेल तर ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा कागद) लागतंच, किंमत पन्नास हजारांच्या आत असली तरी. सीमेवरच्या कोगनोळीला गाडी बाजूला घेतल्यावर हे शिकू नका.

मॅग्नेट चिकटवण्याआधी मार्करने प्रत्येकाचा उत्तर ध्रुव रंगवा. माझा एक उलटा बसला होता. ड्रिल मशीनने रोटर फिरवून व्होल्टेज मोजलं तेव्हा कमी भरलं, म्हणून सापडला. रोटर हाताने आत सरकवू नका. तो स्टेटरवर झडप घालतो आणि बोट मध्ये असेल तर विचारत नाही. लेथच्या टेलस्टॉकला धरून चाक फिरवत मिलिमीटर-मिलिमीटरने आत सोडला, तेव्हा मामा श्वास रोखून उभे होते.

रस्त्यावर न्यायची असेल तर 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या दुचाकींनाच नोंदणीतून सूट आहे. आमचा गाडा त्यात बसत नाही, तो मळ्याच्या बांधाबाहेर जात नाही.

दिवाळीनंतर भरल्या क्रेटच्या सलग दहा खेपा मारल्या. थर्मिस्टर 61 वर थांबला. मी आकडा तीनदा वाचला. सासऱ्यांनी मोटरीभोवती एक चक्कर मारली, थंडाव्यासाठी झाकणाला पाडलेल्या भोकांत बोट घातलं आणि विचारलं, "जावईबापू, पावसात ह्यातनं पाणी जायचं न्हाई?"

जाणार. जूनच्या आत दुसरं झाकण करायचंय.