फडताळाची खुट्

माहेरचा वाडा सोलापुरात, बाळीवेशीत होता. तिथल्या स्वयंपाकघरात भिंतीच्या जाडीतच बसवलेलं एक फडताळ होतं आणि त्याच्या डाव्या दाराची फळी खडखडायची. दार लोटलं की आधी ‘धप्’, मग मागून ‘खुट्’. रात्री साडेअकराला कडक भाकरीच्या तुकड्याबरोबर खायला कुणी शेंगाच्या चटणीची बरणी काढली, की त्या ‘खुट्’वरून चोरी उघडकीला यायची. शेवटी वैतागून वडिलांनी एका पावसाळ्यात फळीच्या दोन्ही कडांना चार-चार खिळे ठोकले. आवाज बंद झाला. पुढच्या मे महिन्यात फळी वरपासून खालपर्यंत तडकली आणि फटीतून बरण्या दिसायला लागल्या. सुतारानं कच्चं लाकूड वापरलं, असा निकाल आम्ही लावला. सुतार तोवर वारलेला होता, त्यामुळे अपिलाचा प्रश्न नव्हता.

चाळीस वर्षांनी तो निकाल फिरला, जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये.

दिवाळीनंतर किचन नव्यानं करायला काढलं. मी रंगाचा विचार करून बसले होते. सुतारकामाच्या मिस्त्रींनी सनमायक्याच्या नमुन्यांचं पुस्तक बाजूला सारलं. “रंगाचं मागनं बघू की ओ वहिनी. आधी शटर सांगा. सपाट का पॅनेलचं? वरनं बसणारं का आत बसणारं?” कपाटाच्या दाराला ते शटर म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर नवी पेठेतल्या दुकानांची रात्री खाली ओढलेली शटरं आली.

मग त्यांनी खिशातून तीन बिजागऱ्या काढून ओट्यावर मांडल्या. मला तिन्ही एकसारख्याच दिसल्या. झिरो, आठ आणि सोळा, क्रँकचा म्हणजे बाकाचा फरक. झिरोचं दार कपाटाची कड पूर्ण झाकतं. मधली फळी दोन दारांत वाटून घ्यायची असेल तर आठ नंबर, म्हणजे अर्धी तुझी, अर्धी माझी. दार कपाटाच्या आत, चौकटीच्या पातळीत बसवायचं असेल तर सोळा. मला आत बसणारं फार आवडलं. फडताळाचं तसंच होतं. मिस्त्रींचं तोंड वाकडं झालं. “त्याला चारी बाजूंनी दोन मिलिमीटरची सारखी फट ठेवावी लागतीय. जरा खाली-वर झालं की डोळ्याला खुपतंय. पावसाळ्यात फुगून अडकलं की शिव्या मला.”

एवढ्यात लेकीनं मोबाइल पुढे केला. तिला ‘शेकर’ दारं हवी होती: चारी बाजूंना साधी पट्टी, मधे थोडी आत गेलेली सपाट फळी, नक्षी काही नाही. नाव ऐकून मी शोधाशोध केली. शेकर हा ख्रिस्ती पंथ. त्यातली मूठभर माणसं 1774 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत गेली. साधेपणा हाच त्यांचा धर्म, म्हणून लाकडालाही उगाच दागिने घालायचे नाहीत. आणि सगळे ब्रह्मचारी! ज्यांनी संसारच केला नाही त्यांच्या नावाची दारं आमच्या कांदा-लसणाच्या कपाटाला लागणार, याची मला गंमत वाटली. सासूबाईंना वाटली नाही.

पण मिस्त्रींनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि नाक मुरडलं. “हे खरं पॅनेल नाही. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या एकाच शीटवर मशिननं मधला भाग खरवडलाय.” म्हणजे शिवलेली नऊवारी! लांबून काष्टा, जवळून चेन.

मग खरं कसं असतं, असं विचारल्यावर हा माणूस अचानक खुलला. हातातलं टेप खाली ठेवून पाटावरच बसला. दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या आणि मधे एक फळी, असे पाच तुकडे. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे जिभेसारखा अरुंद तुकडा काढायचं, उभीत त्याच मापाची खाच पाडायची आणि दोन्ही ठोकून पक्कं करायचं. चारी पट्ट्यांच्या आतल्या कडेला खोबण असते, फळी तिच्यात सरकवायची. “आणि तिला सरस लावायचा नाही. खिळा तर नाहीच नाही.”

“का?”

“कापड धुतलं की आटतंय का नाही?” त्यांचे वडील मिलमध्ये होते, त्यामुळे दाखले कापडाचेच. “लाकूड पण तसंच. लांबीला जवळपास हलत नाही, रुंदीला हलतंय. पावसाळ्यात पाणी पिऊन रुंद, उन्हाळ्यात सुकून अरुंद. हातभर फळी दोन-तीन मिलिमीटर सहज इकडं-तिकडं. खोबणीत तेवढी जागा सोडली तर ती आत-बाहेर करत राहतीय, चौकटीला कळत पण नाही. धरून ठेवली की तडकली.”

मी गप्प. डोळ्यांपुढे ते आठ खिळे. फळी पावसात फुगलेली असताना वडिलांनी तिला दोन्हीकडून जखडलं होतं आणि नंतर आमचा तो उन्हाळा आला, बेचाळीस-त्रेचाळीसचा, ज्यात माणसाचे ओठसुद्धा फुटतात. आणि खडखड? ती सुतारानं मोजून सोडलेली जागा होती. त्या बिचाऱ्याला आम्ही चाळीस वर्षं बोल लावला.

एवढं सगळं समजल्यावर मी अर्थातच सागवानी पॅनेलवर अडून बसले. पण आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं आणि आलं की घरातली झाडून सगळी भांडी, पिंपं, बादल्या भरून घ्यायच्या. उजनीचं पाणी ओट्याखालच्या कपाटावर किती सांडतं याचा हिशोब नाही. तिथे मिस्त्रींनी माझं चालू दिलं नाही. मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवूड, बाहेरून एक मिलिमीटरचा मायका, आतूनही पातळ मायका. दोन्ही बाजूंनी का, तर एकाच बाजूला लावला तर शटर पापडासारखं वाकतं. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून तो फुगायला-आटायला फारसा जातच नाही. मधे खोबण नको, सैल फळी नको, खुट् नको.

वरच्या कपाटांसाठी मी अजून झुंजत होते. ते सासूबाईंनी एका वाक्यात संपवलं. “त्या पट्टीच्या कडेला फोडणीचा तेलकट थर बसणार, वर आपली सोलापूरची धूळ. दर शनिवारी काडीला चिंधी गुंडाळून कोण बसणार, तू की तो शेकर?”

सगळी शटरं सपाट ठरली. झिरो आणि आठ. हट्टानं मी एक तेवढं मिळवलं: फ्रिजशेजारच्या चटण्या-लोणच्यांच्या अरुंद कपाटाला खऱ्या सागवानाचं पॅनेलचं दार, सरसाशिवाय.

शटरं कारखान्यात कापून तयार आहेत म्हणे. मधे संक्रांत आली. ओट्याखाली सध्या जुन्या सोलापुरी चादरीचा अर्धा तुकडा लटकतोय, त्यावरचे मोर पिंपामागून डोकावतात. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मिस्त्री दिसले, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत, मिरवणुकीतल्या नंदीध्वजामागे. त्या पोशाखात शटरबद्दल विचारणं बरं दिसेना, म्हणून नुसते हात जोडले. त्यांनीच ओळखलं आणि गर्दीतून ओरडले, “मंगळवारी, वहिनी!”

कुठल्या, ते हलग्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही.