कार्डावर अडतीस आठवडे

फेब्रुवारीचा पहिला आठवडा, माझी नाईट होती. रात्री दोनला दिंडोरी साईडहून फोन आला, बाळ पाठवतोय, पूर्ण दिवसांचं आहे, वजन कमी आहे, श्वास जरा फास्ट आहे. १४ वर्षं नाशिकला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स म्हणून काढल्यावर फोनवरच्या 'जरा'चा अर्थ कळतो, मी वॉर्मर चालू केला आणि सीपॅप, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणारं मशीन, जोडून ठेवलं.

आजीच्या मांडीवर गोधडीत गुंडाळून आली ती. गोधडी कोरडी पण आतलं फडकं ओलंच, डिलिव्हरीनंतर कोणी बदललंच नव्हतं. पंचवीसेक किलोमीटर रस्ता आणि बाहेर कडाक्याची थंडी, अंगाचं तापमान ३५.२. बाळाला साडेछत्तीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात आणि रेफर करताना लोक नेमकं तेच विसरतात. वजन १४८० ग्रॅम. चिठ्ठीवर आणि आईच्या कार्डावर, दोन्हीकडे ३८ आठवडे, म्हणजे दिवस भरलेलं.

ड्युटीवरचे डॉक्टर नवीन, हुशार आहेत पण आधी कागद वाचतात मग पेशंट. म्हणाले सिस्टर, पोटात वाढ खुंटलेलं दिसतंय, शुगर बघू आणि दूध चालू करू. कागदाप्रमाणे बरोबरच होतं. दीड किलोची दोन बाळं शेजारी ठेवली तर नातेवाइकांना सारखीच दिसतात, पण दिवस भरलेलं बारीक बाळ म्हणजे शुगर आणि ऊब सांभाळायची, ते दूध ओढतं, आणि दिवस न भरलेल्या बाळाला चोखणं-गिळणं-श्वास हे तिन्ही एकत्र जमतच नाही, ते साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास जमायला लागतं. त्याला वाटीचमच्याने दूध पाजलं तर फुफ्फुसात जायची भीती.

मी तिला कोरडं करत होते आणि पाऊल हातात आलं. दिवस भरलेल्या बाळाच्या तळव्यावर टाचेपर्यंत रेषा असतात, हिच्या फक्त बोटांच्या खाली एक आडवी रेघ, बाकी सगळं गुळगुळीत. कान दुमडून सोडला तर हळूहळू उलगडला. स्तनाची गाठ बोटाला जेमतेम लागते न लागते, पाठीवर मऊ लव. हात छातीवरून पलीकडे नेला तर कोपर मध्यरेषा ओलांडून सहज गेलं. मी म्हटलं सर, एकदा बॅलार्ड करूया, ही अडतीसची नाही. बॅलार्ड म्हणजे अशाच खुणांना गुण देऊन बाळाचे आठवडे काढायची तपासणी. केला, स्कोअर आला २०. म्हणजे ३२ आठवडे. दोन आठवडे इकडेतिकडे धरले तरी ३८ होत नाहीत.

तोपर्यंत ती कण्हायला लागली होती. आजी म्हणाली, दुखतंय का तिला. ते दुखणं नसतं, बाळ गळा आवळून हवा आत धरून ठेवायचा प्रयत्न करत असतं, कारण सोडली की फुफ्फुसातले बारीक फुगे ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात. ते चिकटू नयेत म्हणून सरफॅक्टंट लागतं, ते पोटात पुरेसं तयार होतं ते ३४-३५ आठवड्यांना. सीपॅप लावलं, प्रेशर ५ वरून ६ केलं, ऑक्सिजन ४० टक्के. तरी छाती आत ओढली जात होती, मग नळी घालून सरफॅक्टंट दिलं. पहाटे पाचला ऑक्सिजन २५ टक्क्यांवर, कण्हणं थांबलं. त्या डॉक्टरांनी स्वतःहून केसपेपरवर ३८ खोडून ३२ लिहिलं, हे मला आवडलं.

सकाळी आई आली. पेठकडची, द्राक्षबागेत मजुरीला दिंडोरीला आलेली. पहिलं मूल १४ महिन्यांचं, अजून अंगावर पितं, त्यामुळे पाळीचा हिशोब असाही धड नव्हता. कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख १५ मे. कार्डावर १ किंवा १५ दिसली की मला शंका येतेच, बाईला तारीख आठवत नाही आणि रकाना रिकामा चालत नाही, मग कोणीतरी अंदाजे टाकतं. सुरुवातीची सोनोग्राफी झालेलीच नाही, ती असती तर चूक तिथेच पकडली असती. मी तारीख विचारलीच नाही, म्हटलं भात पेरलं तेव्हा पाळी आली होती का? ती लगेच म्हणाली, "हो, पेरलं तवा आली व्हती. आवणीला नाही आली." पेरणीला आली, रोपांच्या लावणीला नाही, म्हणजे जूनअखेर. मोजा, बरोबर ३२.

आशाताईंवर मी ढकलणार नाही, त्यांच्या डोक्यावर किती रजिस्टरं असतात ते मी बघते. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. दीड दिवस आधी हिचं पोट दुखत होतं म्हणून ती एका ठिकाणी दाखवायला गेली होती. कार्ड बघून सांगितलं, दिवस भरलेत, कळा वाढल्या की या. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोन द्यायचं, ६ मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी ४ इंजेक्शनं, बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. स्वस्तातलं औषध आहे. ३६ तासांत चारही डोस बसले असते हो. पोटावर हात ठेवून, टेप लावून उंची मोजली असती तरी कळलं असतं की हे पोट नवव्या महिन्याचं नाही. आमच्याकडे सरफॅक्टंटची एक बाटली काही हजारांना येते.

मुलगी चौथ्या दिवशी सीपॅपवरून निघाली. नळीने दूध, मग पळीने, आणि कांगारू, म्हणजे बाळ आईच्या छातीला कातडीला कातडी लावून बांधायचं, आई लुगड्याने इतकी घट्ट बांधायची की आम्हाला शिकवावं लागलं नाही. डिस्चार्जला १७१० ग्रॅम. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत करायचीच, तारीख मी कार्डावर लाल पेनाने लिहून दिली.

निघताना तिने विचारलं, मग हिचे नऊ महिने भरतात कधी. मी मोजून सांगितलं, एप्रिलच्या सुरुवातीला. "म्हंजे खरड छाटणीला," ती म्हणाली, द्राक्षबागेची एप्रिलची छाटणी. मी म्हटलं हो, पण तू त्या छाटणीला जायचं नाही, ही तीन किलोची होईपर्यंत छातीशीच. ती काही बोलली नाही. आजीने सांगितलं, मुकादमाकडून उचल घेऊन झालीय.