घरचा सर्व्हर: १९२ नंबरनं चोर पकडून दिला

घरचा सर्व्हर म्हणजे रास्पबेरी पाय ४, हा छोटासा लिनक्स संगणक, आणि त्याला यूएसबीनं जोडलेली अडीच इंची डिस्क. ती मधेच तुटायची, म्हणून मागच्या नोंदीत क्वर्कपर्यंत आलो होतो, म्हणजे एखाद्या उपकरणापुरती कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) द्यायची खास सूचना. बूटच्या ओळीत एनक्लोजरचा (डिस्कच्या यूएसबी डबीचा) आयडी टाकून पुढं 'यू' लावला, आणि एलएसयूएसबी -टी मध्ये (यूएसबी उपकरणांच्या यादीत) यूएएस या वेगवान पद्धतीच्या जागी जुनं यूएसबी-स्टोरेज दिसायला लागलं. डीमेसेजमधली (कर्नलच्या नोंदींमधली) अबॉर्टची रड थांबली. वेगात फरक काही नाही. फिरणाऱ्या डिस्कला यूएएस नावापुरतंच; ती चैन एसएसडीवाल्यांनी करावी.

पण आरसिंक (फायली कॉपी करणारा प्रोग्राम) लांबलं की डिस्क गायब व्हायचीच. एसडीए म्हणून जायची, एसडीबी म्हणून परत यायची. एफस्टॅबमध्ये (डिस्का माउंट करायच्या यादीत) यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, असून काय उपयोग, जुना माउंट लटकलेलाच आणि कॉपी अर्धवट.

राजारामपुरीतल्या एका दुकानदाराचं एकच पालुपद, "डिस्क गेली ओ, नवीन घेऊन टाका." घेतली असती, पण स्मार्टसीटीएलला (डिस्कच्या तब्येतीचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रामला) -डी सॅट लावून बघितलं तर ५ नंबर (बदललेले सेक्टर) शून्य, १९७ (संशयित सेक्टर) शून्य. म्हणजे सेक्टर ठणठणीत. १९९ पण शून्य, म्हणजे एनक्लोजरच्या आतली साटा जोडणीही बरी. मग नजर गेली १९२ वर. पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट. चालू डिस्कची वीज अचानक तुटली की हेड घाईघाईनं पार्क होतं, तेव्हा हा आकडा चढतो. नुसत्या यूएसबी रीसेटनं चढत नाही.

आकडा कागदावर लिहिला, आरसिंक सोडलं आणि कान डिस्कपाशी लावून बसलो. बऱ्याच वेळानं बारीकसा 'टक्', क्षणभर शांतता, मग मोटर परत घुमायला लागली. बघतो तर १९२ एकानं वाढलेला! नाद खुळा. केबल नाही, कर्नल नाही, डिस्कला वीजच पुरत नव्हती.

हिशोब सरळ आहे. पाय ४ चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर देतो. त्यात कॅसेटी उतरवायचा ऑडिओ इंटरफेस लावलेला, आणि अडीच इंची डिस्क मोटर सुरू होताना एकटीच अँपिअरच्या आसपास ओढते. पायच्या गेट-थ्रॉटल्ड आज्ञेनं ०एक्स५०००० दाखवलं, म्हणजे बूट झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडलेलं. पायचा अ‍ॅडॉप्टर लगेच बदलला, तरी वरची १.२ ची मर्यादा काही हलत नाही.

म्हणून स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब आणला. डिस्क टिकली, रात्रभर कॉपी झाली, डीमेसेज कोरा. आणि सकाळी पायचा प्लग काढला तर लाल दिवा तसाच चालू! हब उलटा पायलाच वीज पाजतोय. असले स्वस्त हब विकतात कसे देव जाणे. केबलच्या पिन १ वर कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी) चिकटवून पाच व्होल्ट अडवले, तर हब एलएसयूएसबीत दिसेचना. समोर होस्ट (म्हणजे पाय) आहे हे तो त्याच पिनवरून ओळखत असणार.

वाय केबल (दोन ठिकाणांहून वीज घेणारी) घ्यायचा विचार होता, पण हे लिहितानाच सुचतंय, हबचं लचांडच कशाला? साडेतीन इंचीचा, १२ व्होल्टवाला डॉक (डिस्क खोचायचा स्टँड) घ्यावा. अडीच इंची डिस्कही त्यात बसते आणि वीज भिंतीतून येते. फक्त आतली चिप कुठली हे खोक्यावर कुणी छापत नाही, आणि यूएएसची रड परत नको. कुणाकडं पायवर बिनतक्रार चालणारा डॉक असेल तर एलएसयूएसबीतला आयडी कळवा. तोवर कॅसेटी लॅपटॉपवरच उतरवतोय.