दोन मिस्ड कॉल

"तुमची काही चूक नव्हती." हे वाक्य माझ्याकडे थेरपीसाठी आलेल्या एका गृहस्थांना दीड वर्षात सगळ्यांनी ऐकवलं होतं. बायकोने, ऑफिसातल्या मित्रांनी, डॉक्टरांनी आणि माझ्याआधी ते ज्यांच्याकडे समुपदेशनाला जात होते त्यांनीही. माझ्याकडे आले तेव्हा पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, तेवढं सोडून काहीही बोला."

त्यांचा मोठा भाऊ गेला होता, हृदयविकाराच्या झटक्याने. घरात एकटाच असताना. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.) वडिलांच्या घराच्या कागदपत्रांवरून दोघांचं वाजलं होतं, काही महिने बोलणं बंद होतं. दीड वर्षानंतरही हे गृहस्थ भावाच्या घराच्या रस्त्याने जात नव्हते, लांबचा फेरा घालत. फोटो उलटे करून ठेवलेले. कामावर जायचे, यायचे, बाकी सगळं थांबलेलं.

जवळचं माणूस गेलं की थेरपी लागतेच असं नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते. बहुतेकांना ती लागत नाही. वेळ, सोबतीची माणसं आणि रोजची कामं एवढ्यावर माणूस हळूहळू उभा राहतो. पण साधारण दहातला एक जण अडकतो. ओढ कमी होत नाही, मृत्यू खरा वाटत नाही, आयुष्य पुढे सरकत नाही. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, याला स्वतंत्र निदान आहे, दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचं, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये ते आपल्या यादीत घेतलं, तिथे मोठ्या माणसांसाठी बारा महिने. ही मुदत ओलांडली की माणूस आजारी, असा अर्थ काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण या गृहस्थांच्या बाबतीत शंका नव्हती.

त्यांच्याजवळ एक कागदही होता. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या शोकाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार), प्रिंट काढून. "मी रागावर अडकलोय का?" असं त्यांनी विचारलं. या पायऱ्यांनी माझ्या कामाचा जेवढा वेळ खाल्ला आहे तेवढा कशानेच नसेल. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्या माणसांवरून नाही. शोक पायऱ्यांनी चढत नाही. १९९९ मध्ये स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी मांडलेलं चित्र मला रोज डोळ्यांसमोर दिसतं: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी बिल भरतो, मुलांचा अभ्यास घेतो, परत बुडतो. हे येणं-जाणं चालू असेल तर काळजी नाही. यांचं ते बंद पडलं होतं.

गोळ्या चालू होत्या. झोप सुधारली होती, भावाची ओढ जशीच्या तशी. यात आश्चर्य नव्हतं. २०१६ मध्ये एका मोठ्या चाचणीत नैराश्यावरची गोळी शोकाच्या थेरपीला जोडून पाहिली गेली. नैराश्याची लक्षणं आणखी उतरली, शोकात मात्र गोळीने भर घातली नाही.

मी जी पद्धत वापरते ती साधारण सोळा सेशन्सची आहे. तिचा गाभा असा: डोळे मिटायचे आणि मृत्यू कळला त्या क्षणापासूनची हकीकत वर्तमानकाळात सांगायची. "फोन वाजला" असं म्हणायचं नाही, "फोन वाजतोय" म्हणायचं. दहा-एक मिनिटं. मधूनमधून मी फक्त एवढंच विचारते, "आत्ता किती?" म्हणजे शून्य ते शंभरमध्ये त्रास किती. सगळं त्यांच्याच फोनवर रेकॉर्ड होतं आणि ते घरी रोज ऐकायचं. सांगून झालं की त्यावर बोलायचं, मग ती गोष्ट टेपसारखी मागे गुंडाळून बाजूला ठेवल्याची कल्पना करायची आणि संध्याकाळी स्वतःला बरं वाटेल असं काहीतरी ठरवूनच उठायचं. हा शेवटचा भाग घाईत गाळणारे सहकारी मला ठाऊक आहेत. उघडी जखम घेऊन माणसाला रस्त्यावर सोडायचं, याला मी थेरपी म्हणत नाही.

नेहमी काय होतं, तर पुन्हा पुन्हा सांगताना आकडा उतरतो. आठवण तीच राहते, तिची धार कमी होते. यांचा उतरेना. सकाळी शेजाऱ्यांचा फोन येतोय, दार उघडलंय, दादा खुर्चीत आहे. सगळं स्पष्ट, क्रमवार, आणि आकडा प्रत्येक वेळी नव्वदच्या वर. घरी नेमाने ऐकत होते, वहीत रोजच्या नोंदीही होत्या. म्हणजे कसूर नव्हती. आकडा उतरत नाही तेव्हा माझा पहिला संशय असा असतो की सर्वात जड क्षण गोष्टीत आलेलाच नाही. यांची हकीकत कायम शेजाऱ्यांच्या फोनपासूनच सुरू व्हायची. मी म्हणाले, "आज जरा आधीपासून सुरू करू. आदल्या संध्याकाळपासून."

बराच वेळ काही नाही. मग, "टेबलावर फोन वाजतोय. दादाचं नाव दिसतंय. मी फोन उलटा ठेवतोय." थोड्या वेळाने, "परत वाजतोय."

दोन मिस्ड कॉल. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. "तुमची चूक नव्हती" म्हणणाऱ्या एकालाही हे माहीत नव्हतं, मग ते वाक्य त्यांना लागू तरी कसं पडणार?

शोकातला अपराधीपणा बऱ्याचदा तपासला की विरघळतो. तेव्हा हाताशी काय माहिती होती, काय शक्य होतं, हे शांतपणे पाहिलं की माणसाला स्वतःलाच दिसतं. इथे तसं नव्हतं. मृत्यूची जबाबदारी त्यांची नव्हती. कॉल मदतीसाठी होता की समेटासाठी, उचलला असता तर दादा वाचला असता का, हे कुणालाच कधी कळणार नाही. पण राग मनात धरून त्यांनी फोन उचलला नाही, हे खरंच होतं. या दोन गोष्टी मी त्यांच्यासमोर वेगळ्या ठेवल्या आणि दुसरी पुसायचा प्रयत्न केला नाही. ते म्हणाले, "पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं."

मग ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो आला. या पद्धतीत पुढे एक काल्पनिक संवाद असतो. डोळे मिटून गेलेल्या माणसाशी बोलायचं आणि मग त्याच्या जागी जाऊन स्वतःच उत्तर द्यायचं. माझ्या अनुभवात गेलेली माणसं बहुतेक वेळा माफ करतात, "जाऊ दे" म्हणतात. मीही तशाच अपेक्षेने बसले होते.

"दादा, मी फोन बघितला होता. उचलला नाही."

मी म्हणाले, "आता दादा काय म्हणतोय?"

त्यांचा आवाज बदलला. "का नाही उचललास रे? नाटकं करायला तीच वेळ सापडली तुला?" मग जोरात, "मी मोठा असून आधी फोन केला ना!"

मी गप्प राहिले. तीन-चार वाक्यं असंच चाललं, चांगली खरडपट्टी. आणि शेवटी त्याच आवाजात, "तुझं हे लहानपणापासूनचंय."

डोळे उघडले तेव्हा ते रडत होते आणि हसतही होते. "अगदी असाच बोलला असता." मी आकडा विचारला. चाळीस.

दीड वर्ष सगळे त्यांना माफ करत होते. रागवायचा हक्क फक्त एका माणसाला होता आणि तो उरला नव्हता. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, हे मी बोलताना नेहमी म्हणते. पण बदललेल्या नात्यात भांडणही येतं आणि त्याने माणूस मोकळा होतो, हे इतकं ढळढळीत मी पाहिलं नव्हतं.

सेशन आवरत होतो तेवढ्यात ते थांबले. "मॅडम, दादाचा फोन वहिनीकडे आहे."

म्हणजे ते दोन कॉल तिथेही दिसणार. वहिनीने ते पाहिले असतील आणि इतके दिवस अवाक्षर काढलं नसेल, किंवा पाहिलेही नसतील. "तिला सांगू का?" असं त्यांनी सरळ विचारलं. मी हो किंवा नाही म्हणाले नाही. सांगून तुम्हाला काय मिळायला हवंय, एवढं विचारलं. "तिनेही ओरडावं." दादा ओरडला ते पुरेसं नाही का, असं विचारल्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

सेशन्स संपली. ते आता भावाच्या रस्त्याने जातात, फोटो सरळ झाले आहेत, कागदपत्रांचं काम मार्गी लावलं आहे. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपलं काम ज्येष्ठांपुढे मांडून सल्ला घेतो तिथे, माझ्या ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, कबुलीने सांगणाऱ्याचं ओझं उतरतं आणि ऐकणारीवर चढतं, त्यांना तिथून वळव. हे मला निम्मं पटतं. पण तिने ते कॉल पाहिले असतील, तर 'याने फोन का उचलला नाही' हा प्रश्न तीही एकटीच धरून बसली असेल. तिच्या शोकातलं ते न सुटलेलं टोक असेल, आणि उत्तर जगात एकाच माणसाकडे आहे. मग सांगणं हे निव्वळ स्वतःला हलकं करणं उरत नाही. पुढच्या महिन्यात ते फॉलोअपला येणार आहेत. तोवर त्यांनी सांगितलं नसेल, तर प्रश्नाची ही वहिनीकडची बाजू मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. सुपरव्हिजनमध्ये तसं कळवलंही आहे.